लक्षद्वीप : काथ्याची बेटं, आईची घरं



२०२४ च्या जानेवारीत पंतप्रधान लक्षद्वीपला जाऊन आले. त्यांचे तिथले फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरले. निळंशार पाणी, पिठासारखी पांढरी वाळू, वाकलेले माड. तेव्हापासून बचत गटाच्या बैठकीत सहलीचा विषय निघाला, की तुळजापूर, पंढरपूर, गणपतीपुळे झाल्यावर कोणीतरी हळूच लक्षद्वीपचं नाव काढतं. खर्च मोठा, सरकारी परवाना लागतो, जहाजात पोटात ढवळतं, हे ऐकूनही नाव निघतंच. ओढच तशी आहे. चारी बाजूंनी पाणी आणि मधे मूठभर जमीन, हे बघावंसं कोणाला वाटणार नाही?

म्हणून आज आपण त्या बेटांचा इतिहास बघू. फोटोत पाणी दिसतं, पण त्या मूठभर जमिनीवर माणसं शेकडो वर्षं कशी जगली, ते दिसत नाही. आम्ही वाचत गेलो तसं आम्हाला या गोष्टीत सगळीकडे बायका भेटल्या. एक तर दोरी वळणाऱ्या, दुसऱ्या राज्य करणाऱ्या, आणि तिसऱ्या म्हणजे जन्मभर स्वतःच्या आईच्या घरात राहणाऱ्या.

आधी बेटांचा आकार लक्षात घेऊ. केरळच्या किनाऱ्यापासून दोनशे ते चारशे किलोमीटर आत, अरबी समुद्रात ही बेटं विखुरली आहेत. लहानमोठी मिळून ३६ मोजली जातात, पण माणसं राहतात फक्त दहा बेटांवर. सगळ्या बेटांची जमीन एकत्र केली तर ३२ चौरस किलोमीटर, म्हणजे जेमतेम आठ हजार एकर. आपल्याकडच्या दोन-चार गावांचं शिवार याहून मोठं भरेल! २०११ च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या ६४,४७३ होती. सगळ्यात लहान वस्ती बित्रा बेटावर, २७१ माणसांची. ही जमीन म्हणजे पोवळ्याचा चुरा, वाळू. डोंगर नाही, नदी नाही, काळी माती नाही. भात पिकत नाही, ज्वारी तर नाहीच. पिकतो तो नारळ. आणि समुद्रात मासा.

मग भात कुठून यायचा? तो यायचा मंगळूर, कण्णूर, कोळिकोड या किनाऱ्यावरच्या बंदरांतून, शिडाच्या होड्यांतून. या होडीला तिथे ओडम म्हणतात. जाताना ओडम भरून काय न्यायचं? नारळ, माडाचा गूळ, सुकवलेला मासा, आणि सगळ्यात महत्त्वाचा काथ्या. थोडक्यात, बेटावरच्या चुलीवर भात शिजायचा तो काथ्याच्या बदल्यात आलेला. आणि काथ्या काढायच्या बायका.

कोकणातल्या मैत्रिणींना हे काम नवं नाही. नारळ सोलला की वरचं सोडण उरतं. ते बेटावर किनाऱ्याच्या वाळूत खड्डे करून त्यात पुरायचं, वर दगड रचायचे. भरतीचं खारं पाणी येतं-जातं आणि सोडण कुजत राहतं, चांगले कित्येक महिने. मग ते उकरून काढायचं आणि लाकडी मोगरीने बडवायचं. बडवून बडवून भुसा झडतो, धागा मोकळा होतो. तो समुद्रात धुवायचा, वाळवायचा आणि मग हातावर पीळ देत दोरी वळायची. कुजलेल्या सोडणाचा वास किती सुटतो, ते ज्यांनी केलंय त्यांनाच ठाऊक. खाऱ्या पाण्यात कुजवलेला हा काथ्या उजळ आणि चिवट निघतो. आपण म्हणतो ना, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. तो सुंभ म्हणजे हाच.

या दोरीला मागणी का होती, तेही ऐका. जुन्या काळी अरबी समुद्रातली पुष्कळ जहाजं खिळ्यांनी ठोकलेली नसायची, फळ्यांना भोकं पाडून त्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या असायच्या. अगदी गोधडी शिवतात तशा! काथ्या खाऱ्या पाण्यात लवकर सडत नाही, पाण्यावर तरंगतो आणि लाटेचा हिसका बसला तर ताणून परत जागेवर येतो. नांगराच्या दोरखंडाला याहून चांगलं दुसरं काही नव्हतं. अकराव्या शतकात अल-बिरूनी नावाचा मोठा विद्वान भारतात आला होता. त्याने या समुद्रातल्या बेटांचे दोन भाग सांगितले आहेत. एक कवड्यांची बेटं आणि दुसरी काथ्याची बेटं. अभ्यासक म्हणतात, कवड्यांची ती मालदीव आणि काथ्याची ती आपली लक्षद्वीप. म्हणजे हजार वर्षांपूर्वी जगाला ही बेटं ठाऊक होती ती तिथल्या दोरीमुळे. तेव्हा निळ्या पाण्याची जाहिरात कोणी करत नव्हतं.

कवड्यांवरून एक आठवलं, जाता जाता सांगतो. तुळजाभवानीच्या आराधी बायका गळ्यात कवड्यांची माळ घालतात. समुद्र कुठे, तुळजापूर कुठे! एके काळी या कवड्या म्हणजे चलन होतं, बंगालात तर बाजारात त्या मोजून द्यायचे. त्यांचं मोठं आगर मालदीव, आणि लक्षद्वीपच्या उथळ पाण्यातूनही त्या वेचल्या जायच्या. 'फुटकी कवडी' हा शब्द आपल्या तोंडी उगाच नाही आला.

आता राजकारण. ज्या मालाला मागणी असते, त्याच्यावर कोणाचा तरी डोळा असतोच. सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले. त्यांना जहाजांसाठी दोर हवे होते. त्यांनी बेटांच्या होड्या लुटल्या, अमिनी बेटावर जबरदस्तीने उतरले. बेटावरचे लोक सांगतात, की गावाने त्यांना अन्नातून विष घालून संपवलं. जेवण कोणी रांधलं असेल, ते कुठे लिहून ठेवलेलं नाही. आम्हाला मात्र अंदाज आहे.

पोर्तुगीजांच्या काळातच बेटं कण्णूरच्या अरक्कल घराण्याकडे होती. केरळातलं हे मुसलमान राजघराणं. त्यांची रीत अशी, की घराण्यात वयाने जी व्यक्ती सगळ्यात मोठी, ती गादीवर. मग तो पुरुष असो वा बाई. पुरुष असला तर अली राजा, बाई असली तर बीबी. म्हणून या घराण्यात कितीतरी बायकांनी राज्य केलं. जुनुम्माबी नावाच्या बीबींची कारकीर्द १७७७ पासून १८१९ पर्यंत, म्हणजे चाळीस वर्षांहून जास्त. त्यांनी इंग्रजांशी लढाईही केली आणि तहही केला. आपल्याकडे अहिल्याबाई होळकर राज्य चालवत होत्या, त्याच सुमाराला तिकडे समुद्राकाठी या बीबी होत्या.

बाई गादीवर होती म्हणून दोरी वळणाऱ्या बायकांचं भलं झालं का? नाही झालं. हे स्पष्टच सांगायला हवं. अरक्कल घराण्याने काथ्याच्या व्यापाराचा मक्ता स्वतःकडे ठेवला होता. सगळा काथ्या त्यांच्याच माणसांना द्यायचा, भाव त्यांनी ठरवायचा आणि बदल्यात तांदूळ घ्यायचा. माल आपला, भाव दुसऱ्याचा. हे गणित कांदा, टोमॅटो विकणाऱ्या बाईला समजावून सांगावं लागत नाही. मक्त्यावर नेमलेले कारभारी वर आणखी जाच करत. शेवटी अमिनीचे लोक उठले. १७८३ मध्ये त्यांच्यातले काही मंगळूरला टिपू सुलतानाकडे गेले आणि म्हणाले, आमची बेटं तुम्ही घ्या. बीबी आणि टिपू यांचं तेव्हा बरं होतं. बोलणी झाली आणि अमिनीकडची पाच बेटं टिपूकडे गेली, बाकीची बीबींकडे राहिली. १७९९ मध्ये टिपू पडला, तेव्हा त्याची बेटं इंग्रजांनी घेतली.

उरलेली बेटं इंग्रजांकडे गेली ती कर्जापायी. हा भाग गटातल्या बायकांनी नीट ऐकावा असा आहे. १८४७ मध्ये मोठं वादळ झालं. आंद्रोत आणि कल्पेनी बेटांची वाताहत झाली. पाहणीला अरक्कल घराण्याची मंडळी गेली, बरोबर कंपनी सरकारचा विल्यम रॉबिन्सन नावाचा अधिकारी होता. लोकांना इतकी मदत लागणार होती, की घराण्याला ती झेपेना. रॉबिन्सन म्हणाला, आम्ही देतो, कर्ज म्हणून. झालं! चार-पाच वर्षांत व्याज चढत गेलं. फेडणं होईना. १८५४ मध्ये कंपनीने बेटांचा कारभारच ताब्यात घेतला. पुढे काही वर्षं बेटं परत मिळाली, पुन्हा थकबाकी झाली, पुन्हा गेली, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कायमची इंग्रजांची झाली. वादळात माड गेले होते ते लोकांचे, आणि कर्जाच्या कागदावर नाव राजघराण्याचं. लोकांना कोणी विचारलंच नाही.

इतकं सगळं वर चाललं होतं, तरी बेटावरच्या घरात एक गोष्ट टिकून होती. त्यासाठी तुम्हाला एका मराठी बाईचं नाव सांगतो. लीला दुबे. १९२३ मध्ये एका मराठी घरात जन्मल्या, शास्त्रीय गायिका सुमती मुटाटकर यांच्या त्या धाकट्या बहीण. लीलाताई मानववंशशास्त्रज्ञ झाल्या. म्हणजे माणसं घर कसं मांडतात, नाती कशी धरतात, वारसा कोणाला देतात, याचा अभ्यास करणाऱ्या. १९६९ मध्ये त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं, लक्षद्वीपमधल्या मातृवंश आणि इस्लाम या विषयावर. त्याचा आधार होता कल्पेनी बेट.

कल्पेनीचे लोक पक्के मुसलमान. पाच वेळा नमाज, रोजे, सगळं. पण घर चालायचं आईच्या वंशाने. मुलगी लग्न झालं तरी सासरी जायची नाही. ती आईच्याच घरात राहायची, बहिणी आणि मावश्यांबरोबर. नवरा रात्री तिच्या घरी यायचा आणि सकाळी उठून आपल्या आईच्या घरी कामाला जायचा. मुलं आईच्या घराण्याची. घराण्याला म्हणायचे तरवाड. पाठवणी नाही, रडारड नाही. नवरा मेला, नवऱ्याने सोडलं, तरी बाईच्या डोक्यावरचं छप्पर जात नव्हतं, कारण ते नवऱ्याचं नव्हतंच.

मिळकतीचीही त्यांनी फार सुंदर सोय केली होती. तिला दोन वारांची नावं आहेत. शुक्रवारची मिळकत म्हणजे तरवाडची, आईकडून लेकीकडे जाणारी, न विकायची. सोमवारची मिळकत म्हणजे माणसाने स्वतः कमावलेली. ती धर्माच्या कायद्याप्रमाणे बायको-मुलांना देता यायची. दोन्ही कायदे शेजारी शेजारी नांदले. धर्म एक सांगतो आणि रीत दुसरं, म्हणून भांडत बसण्यापेक्षा त्यांनी वार वाटून घेतले! एका वाराचं दुसऱ्यात मिसळलं की तंटे व्हायचे, ते वेगळं.

लीलाताईंचा पुढचा एक गाजलेला लेख बी आणि जमीन या कल्पनेवर आहे. आपल्याकडे म्हणतात, पुरुष बी पेरतो, बाई म्हणजे शेत. मग पीक कोणाचं? तर बीवाल्याचं. शेताने नुसतं वाढवायचं. इतक्या साध्या बोलण्यात मुलावरचा, घरावरचा आणि जमिनीवरचा बाईचा हक्क कसा काढून घेतला जातो, ते त्यांनी उलगडून दाखवलं. मुलं आईच्या घराण्याची असतात असं बेट ज्यांनी अभ्यासलं होतं, त्यांना हे चटकन दिसलं असणार, असं आपलं आम्हाला वाटतं.

पण कल्पेनीला स्वर्ग करू नका. तरवाडची मिळकत बाईच्या वंशाने जायची, तरी कारभार बहुतेक मामाच्या हातात. सोडण बडवून बायकांच्या हातांना घट्टे पडायचे आणि काथ्या घेऊन मंगळूरच्या बाजारात जायचे पुरुष. शिवाय उच्च-नीच होतंच. जमीन आणि होड्या असणारे कोया वरचे, होडी हाकणारे माल्मी मधले, माडावर चढणारे मेलाचेरी खालचे. मेलाचेरींनी माड राखायचे, ओडमवर राबायचं, आणि जमीन मात्र कोयांची. १९६५ चा कूळकायदा आला तेव्हा कुठे यात फरक पडू लागला.

दक्षिणेला एकटं पडलेलं मिनिकॉय बेट आणखी निराळं. भाषाही वेगळी, मालदीवच्या भाषेची बहीण. तिथे नवरा बायकोच्या घरी राहायला येतो. पुरुष पिढ्यान्पिढ्या खलाशी, पूर्वी शिडाच्या जहाजांवर पार कोलकात्यापर्यंत जायचे, आता मोठ्या मालवाहू जहाजांवर असतात. मागे गाव बायकांच्या हाती. बेटावर लहान लहान गावं आहेत आणि प्रत्येक गावाला पुरुषांचा एक मुखिया तशी बायकांचीही एक मुखिया असते. गावकीची कामं, जेवणावळी, साफसफाई ती ठरवते. ट्यूना, ज्याला कोकणात कुपा म्हणतात, तो उकडून, धुरावर धरून, वाळवून लाकडासारखा टणक करतात. त्याला मास म्हणतात. महिनोन्‌महिने टिकतो.

स्वातंत्र्यानंतर १ नोव्हेंबर १९५६ ला ही बेटं केंद्रशासित प्रदेश झाली. १९६४ पर्यंत कारभार कोळिकोडहून चालायचा, मग तो कवरत्ती बेटावर आला. १९७३ मध्ये लक्षद्वीप हे नाव मिळालं. शाळा आल्या, दवाखाने आले, सरकारी नोकऱ्या आल्या, रेशनवर तांदूळ आला. भातासाठी सोडण बडवायची गरज सरली. नवराबायको एकत्र राहतात अशी घरंही वाढली. मोगरीचा आवाज कमी झाला याचं वाईट वाटून घेण्याचं कारण नाही, ते काम कंबर मोडणारंच होतं.

आता येतो तो पाहुण्यांचा विषय. बेटावर पाणी कसं मिळतं, ते समजून घ्या. पावसाचं गोडं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. दुधावर साय धरते तसं. विहीर खणली की काही फुटांवर ती साय लागते. जास्त उपसा केला, की खालचं खारं पाणी वर येतं. शौचालयांचं पाणी झिरपलं तरी तीच विहीर नासते. २००५ मध्ये कवरत्तीला समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प झाला, दिवसाला एक लाख लिटरचा. पण बेटाची साय तेवढीच. शंभर पाहुणे आले आणि त्यांनी आंघोळीला बादल्या ओतल्या, तर पाणी जातं ते कोणाच्या तरी घरच्या विहिरीतलं. दुसरी काळजी पोवळ्याची. समुद्र तापला की पोवळं पांढरं पडून मरतं, १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये तसं झालं. पोवळ्याचा तो कठडा लाटा अडवतो, म्हणून बेट उभं आहे.

आणि तिसरी काळजी जमिनीची. २०२१ मध्ये प्रशासनाने विकासासाठी जमीन ताब्यात घेण्याचे मोठे अधिकार देणाऱ्या नियमांचा मसुदा काढला. बेटावर खळबळ उडाली. आठ हजार एकरांतली चार एकर गेली तर दुसरीकडे जायला जागा कुठे? तेव्हा करोनाची बंदी होती, मोर्चा काढता येत नव्हता. ७ जून २०२१ ला लोकांनी आपापल्या घरी बसून बारा तासांचं उपोषण केलं, दारात फलक धरून. हजारो घरं, आणि त्यातली कितीतरी घरं आईकडून लेकीकडे आलेली. विकास नको असं ते म्हणत नव्हते. आमच्या घराबद्दल आम्हाला विचारा, एवढंच म्हणत होते. आम्हाला ते पटतं.

तरीही जावं का? जावं, असं आमचं मत आहे. परवाना काढावा लागतो, कटकट वाटते, पण १९६७ पासूनच्या त्या नियमांमुळेच बेटं आजवर गर्दीपासून वाचली. कोचीहून जहाज निघतं आणि बेटानुसार चौदा ते वीस तास लागतात. बेटाभोवतीचं पाणी उथळ असल्याने बऱ्याच ठिकाणी जहाज लांब थांबतं आणि लहान होडीत उतरावं लागतं. गुडघे दुखणाऱ्यांनी हे आधी मनात धरावं. जूनपासून समुद्र खवळलेला असतो, तेव्हा दसऱ्यानंतरचा बेत करा. अंगभर कपडे असू द्या, गाव धार्मिक आहे. मशिदीवरचं लाकडाचं कोरीव काम बघायचं असेल तर आधी विचारा. वाळूतलं पोवळं, शिंपले उचलून पिशवीत भरू नका, तिथे ते चालत नाही. आणि कल्पेनीला गेलात तर किनाऱ्याच्या वाळूत दगड रचलेले खड्डे कुठे दिसतात का बघा, आणि तिथल्या एखाद्या म्हातारीला हाताने पीळ देण्याची खूण करून दाखवा. भाषा येत नसली तरी तिला कळेल.